नवें यंत्र आणि जुनीं अक्षरें

पुणें-मिरज लोहमार्गावर किर्लोस्करवाडी नांवाचें एक स्थानक आहे. सांगली जिल्ह्याचा पलूस तालुका तो हाच. १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगांवचा आपला कारखाना घेऊन येथें आले, तेव्हां स्थानकाचें नांव कुंडल होतें आणि भोंवतालीं औंध संस्थानचा ओसाड माळ पसरला होता. औंधच्या अधिपतींनीं तो माळ कारखान्यास दिला, आणि पुढें त्या स्थानकासच कारखान्याच्या वसाहतीचें नांव मिळालें. लक्ष्मणरावांचा लोखंडी नांगर आज कोणास नवलाचा वाटणार नाहीं. परंतु बेळगांवास पहिले नांगर तयार झाले, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता, आणि ते नांगर बरेच दिवस गिऱ्हाइकाची वाट पाहत पडून राहिले. असले समज वादविवादानें जात नाहींत. शेजाऱ्याच्या वावरांत नांगर चाललेला पाहिला, त्याला चार प्रश्न विचारले, एकदां स्वतः मूठ धरून पाहिली, म्हणजेच ते जातात. नवें अवजार गांवांत रुजतें तें बहुधा याच वाटेनें.

आज पलूसच्या भागांत संगणक, म्हणजे कॉम्प्युटर, ही कांहीं नवलाची वस्तु राहिलेली नाहीं. उसाच्या वजनाची नोंद, दूध संस्थेचा हिशेब, सातबाऱ्याचा उतारा हीं सारीं कामें त्यावर होतात. भिलवडीच्या चितळे डेअरीनें तर जनावरांच्या कानांतील बिल्ल्यांवरून त्यांची नोंद संगणकांत ठेवण्याची व्यवस्था केली. तथापि नांगर आणि संगणक यांत एक मोठा भेद आहे. नांगराची मूठ एकदां हातांत बसली कीं तीच विद्या जन्मभर पुरते. संगणकाची विद्या मात्र कांहीं वर्षांनीं थोडीबहुत शिळी होते, आणि शिकलेल्या माणसास पुन्हां विद्यार्थी व्हावें लागतें. याचें कारण त्या यंत्राच्या कारभाऱ्यांत आहे.

संगणकाचा पडदा, कळफलक, स्मरणसांठा, छपाईचें यंत्र हीं त्याचीं निरनिराळीं अंगें होत. त्यांस कामाला लावणारा, कोणास किती जागा द्यावयाची, कोणाचें काम आधीं व कोणाचें मागून हें ठरविणारा जो मुख्य कार्यक्रम, त्यास ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. मराठींत त्यास कार्यप्रणाली असेंही नांव मिळालें आहे. गांवकीच्या भाषेंत बोलावयाचें तर तो यंत्राचा कारभारी होय. पत्र लिहिण्याचा कार्यक्रम असो वा हिशेबाचा, प्रत्येकास या कारभाऱ्याकडूनच काम करून घ्यावें लागतें. अर्थात् कारभारी बदलला कीं जुन्या सनदा नव्या दरबारांत चालतील किंवा नाहीं, ही शंका उभी राहते. कधीं त्या चालतात, कधीं नव्यानें करून घ्याव्या लागतात, आणि कधीं त्यांवरील अक्षरही कोणास लागत नाहीं.

ही शेवटची अवस्था महाराष्ट्रानें संगणकापूर्वींच एकदां अनुभवली आहे. शतकानुशतकें मराठी दप्तर मोडी लिपींत चाललें. कुलकर्ण्यांचे कागद, सावकारांच्या वह्या, सरदारांचीं पत्रें हीं सारीं मोडींत असत. लेखणी फारशी न उचलतां भराभर लिहितां यावें, ही मोडीची सोय. परंतु तीच खिळ्यांच्या छपाईस अडचणीची ठरली, आणि छापील मराठी बाळबोध झालें. १९१७ सालीं मुंबई सरकारनें कारभारांत मोडीऐवजीं बाळबोध लिपि आणण्याचें ठरविलें. त्यानंतरही शाळांतून मोडीचे धडे कांहीं काळ चालले, पण विसाव्या शतकाच्या मध्यास तेही मागें पडले. निर्णयांत चूक होती असें म्हणतां येत नाहीं. एकच लिपि शिकून मूल छापील पुस्तक वाचूं लागलें व सरकारी कागदही वाचूं लागलें. मात्र जुने कागद नव्या लिपींत उतरून घेण्याचें काम त्या वेगानें झालें नाहीं. पुण्याच्या पेशवे दप्तरांत लक्षावधि मोडी कागद आहेत, आणि ते वाचणारे मोजके आहेत. घरोघरच्या पेट्यांतही तीच गत. आजोबांनीं जपलेलें खरेदीखत नातवाच्या हातांत येतें. कागद शाबूत असतो, शाई शाबूत असते, परंतु त्यांतील एक शब्दही त्यास लागत नाहीं.

संगणकाच्या बाबतींत अशीच आपत्ति अमेरिकेंत फार लवकर उभी राहिली, आणि तिच्यावरचा उपाय तेथील वापरणाऱ्यांनींच काढला. १९५५ सालीं आयबीएम कंपनीचें ७०४ हें नवें यंत्र येऊं घातलें होतें. जुन्या ७०१ यंत्रासाठीं प्रत्येकानें मोठ्या कष्टानें रचलेले कार्यक्रम या नव्या यंत्रावर जसेच्या तसे चालणार नव्हते. तेव्हां लॉस एंजेलिस शहराच्या परिसरांतील विमानांचे कारखाने व कंपनीचीं इतर गिऱ्हाइकें एकत्र आलीं, आणि त्यांनीं शेअर नांवाचें मंडळ काढलें. धंद्यांत यांतील कित्येक एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते. पण प्रत्येकानें तेंच काम वेगवेगळें करण्यांत कोणाचाच लाभ नाहीं, हें त्यांनीं ओळखलें. एकानें रचलेला कार्यक्रम सर्वांस मिळूं लागला. पुढच्याच वर्षीं जनरल मोटर्स व नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या दोन गिऱ्हाइकांनीं मिळून ७०४ साठीं एक कारभारी कार्यक्रम रचला, आणि ऑपरेटिंग सिस्टीमच्या इतिहासांत अगदीं पहिल्यांत त्याची गणना होते. म्हणजे ही वस्तु प्रारंभीं निर्मात्याच्या घरीं नव्हे, तर वापरणाऱ्यांच्या सहकारांतून आकारास आली. भारतांतही क्रम फारसा निराळा नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० सालीं कामास लागला. १९६५ सालीं देशांतील मोजक्या संगणकांवर काम करणाऱ्या मंडळींच्या एका गटांतून कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था निघाली, आणि टाटा संस्थेचे प्राध्यापक नरसिंहन् तिचे पहिले अध्यक्ष झाले.

मराठीच्या वाट्यास आलेली अडचण याहून बिकट होती. १९८० नंतर लहान संगणक कचेऱ्यांत येऊं लागले तेव्हां त्यांचा कारभारी डॉस होता, आणि त्यास देवनागरीची ओळख नव्हती. कानपूरच्या आयआयटींत झालेल्या कामाच्या आधारें पुण्याच्या सी-डॅक या १९८८ सालीं निघालेल्या संस्थेनें जिस्ट नांवाचें कार्ड पुढें आणलें. तें यंत्राच्या पेटींत बसविलें कीं डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटे. अक्षरांचे क्रमांक ठरविणारें इस्की हें भारतीय प्रमाण १९९१ सालीं मंजूर झालें. व्यवस्था लागली असें वाटतें न वाटतें तोंच कारभारी बदलला. विंडोज आलें. त्याचा पडदा चित्रमय होता व त्यावर अक्षराचें कोणतेंही वळण, म्हणजे फॉन्ट, उमटवितां येई. छापखान्यांस ही पर्वणीच वाटली. श्रीलिपि, आकृति अशा संचांनीं मराठीचीं सुबक वळणें छापखान्यांत व कचेऱ्यांत पोंचविलीं, आणि त्यांचें ऋण मराठी मुद्रणानें मान्यच केलें पाहिजे. पण त्यांत एक मेख होती. त्या काळच्या विंडोजला देवनागरी ठाऊक नसल्यामुळें रोमन अक्षरांच्या जागीं मराठी अक्षरांचे आकार बसविलेले असत, आणि प्रत्येक संचाची मांडणी निराळी असे. एका छापखान्यांत जुळविलेला मजकूर दुसरीकडे उघडला कीं मराठीऐवजीं रोमन अक्षरांची व चिन्हांची खिचडी दिसे. माणसास तें मराठी वाटे. यंत्रालेखीं तें मराठी नव्हतेंच.

यावर तोड निघाली ती जगांतील सर्व लिपींस एकाच यादींत कायमचे क्रमांक देण्याची. युनिकोड नांवाच्या या यादीची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली, व तींतील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली होती. तथापि यादींत नांव असणें निराळें आणि दरबारांत मान मिळणें निराळें. २००० सालच्या विंडोजनें देवनागरीस प्रथम आपल्या पंक्तीला बसविलें. त्यासाठीं मंगल हें वळण मुंबईचे अक्षरकार प्राध्यापक र. कृ. जोशी यांनीं रेखाटलें होतें. तरीही मराठीचें सारें सांवरलें नव्हतें. 'ॲ' हें मराठी वळणाचें अक्षर यादींत येण्यास २००८ साल उजाडलें. तोंवर 'ऍ' वर भागवावें लागे. मोडी लिपीसही २०१४ सालीं तेथें स्थान मिळालें. अशा रीतीनें मोडीचीं अक्षरें संगणकांत परत आलीं, पण तीं वाचणारीं माणसें त्यांच्याबरोबर परत आलीं नाहींत; तीं आज मोडीचे वर्ग भरवून नव्यानें तयार करावीं लागत आहेत.

नव्या पद्धतीशीं गांव कसें जुळवून घेतें, याचें एक उदाहरण पलूसच्या शेजारींच वारणेच्या खोऱ्यांत घडलें. १९९८ सालीं कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सत्तर गांवें संगणकांनीं जोडण्याचा प्रकल्प वारणानगरच्या सहकारी संस्थांच्या आधारें हातीं घेण्यांत आला. गांवांतील केंद्रावर एक संगणक व तो चालविणारा एक माणूस असे. शेतकरी येई, आपल्या उसाचें वजन किती झालें, बिल किती निघालें हें विचारी, आणि केंद्रावरचा माणूस तें पडद्यावर पाहून सांगे. पुढें याच कामासाठीं मायक्रोसॉफ्टच्या बंगलोर येथील संशोधन संस्थेनें सात गांवांत आठ महिने एक प्रयोग करून पाहिला, व त्याची हकीकत २००७ सालीं प्रसिद्ध झाली. संगणकाच्या जागीं मोबाईल फोन आला, आणि वजनाचा आंकडा संदेशावाटे मिळूं लागला. खर्च कमी झाला, हेलपाटे वांचले, आणि शेतकऱ्यांस ही नवी रीत अधिक पसंत पडली. शेतकऱ्यास कोणत्याही यंत्राचा लोभ नव्हता. त्यास आपल्या उसाचा आंकडा हवा होता. आंकडा तोच राहिला आणि तो आपल्या भाषेंत समजावून देणारें माणूस जवळ असलें, म्हणजे यंत्र बदलल्याचें दुःख कोणास होत नाहीं.

या साऱ्या इतिहासाचा आजच्या काळाशीं निकट संबंध आहे. विंडोज एक्सपी या कारभाऱ्याची देखभाल निर्मात्यानें ८ एप्रिल २०१४ रोजीं थांबविली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजीं, आणि विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. देखभाल संपली म्हणून यंत्र त्या दिवशीं बंद पडत नाहीं. परंतु दाराच्या कड्या हळूहळू सैल होतात आणि चोरास वाट मिळते. तेव्हां दूध संस्था असो, शाळा असो कीं लहानसा छापखाना, प्रत्येकास आज ना उद्यां नव्या कारभाऱ्याशीं जुळवून घ्यावेंच लागतें. कोणी नवा संगणक घेतील, कोणी लिनक्ससारखी फुकट मिळणारी प्रणाली बसवितील. वाट कोणतीही धरली तरी दोन कामें एकट्यादुकट्यास जड आणि चार जणांस सोपीं असतात. पहिलें काम शिकण्याचें. ज्यास नव्या पडद्यावर आपली फाईल सांपडत नाहीं, त्यास जाड पुस्तकाचा उपयोग थोडा. शेजारच्या कचेरींतला जाणता माणूस अर्ध्या घटकेंत जें दाखवितो, तें त्याच्या कायमचें ध्यानांत राहतें. त्यासाठीं आठवड्यांतून एक संध्याकाळ व वाचनालयाची एक खोली पुरते. उपयोग करणाऱ्यांचें मंडळ म्हणतात तें याहून मोठें असावें लागत नाहीं.

दुसरें काम अधिक निकडीचें आहे. गेल्या तीस वर्षांत संस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका, गांवांचे इतिहास, कोणाच्या आठवणी, असा किती तरी मजकूर जुन्या संचांच्या वळणांत जुळविला गेला. त्याच्या छापील प्रती जीर्ण होत आहेत, आणि मूळ मजकूर जुन्या संगणकांत पडून आहे. तो युनिकोडमध्यें उतरविणारे कार्यक्रम आज मिळतात; उतरवितांना जोडाक्षरांच्या व रफाराच्या चुका राहतात, म्हणून मराठी जाणणाऱ्या माणसानें मूळ प्रत शेजारीं ठेवून तो एकदां वाचून पाहावा लागतो. तरुणांनीं यंत्र चालवावें आणि वडील मंडळींनीं मुद्रितें तपासावीं, अशी ही वांटणी आहे. १९१७ नंतर निदान तीस वर्षें मोडी जाणणारीं माणसें गांवोगांवीं होतीं, तरीही पेट्यांतील कागद तसेच राहिले. संगणक इतकी सवड देत नाहीं. जुना संच ज्या यंत्रावर अजून उघडतो, तें यंत्र चालू आहे तोंवरच हें काम होण्यासारखें आहे. तेवढें झालें म्हणजे पलूसकडील एखाद्या नातवास आजोबांनीं लिहिलेली गांवची हकीकत उघडतां येईल, आणि ती वाचून घेण्यासाठीं जाणकार शोधीत हिंडण्याची पाळी त्याच्यावर येणार नाहीं.