जळणाचा वास

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या आयला बेटावर झाडं फार थोडी. समुद्रावरचं वारं त्यांना तग धरू देत नाही. जमीन मात्र दलदलीची. तिच्यात शेवाळ, गवत आणि हेदरची झुडपं हजारो वर्षं साचत आली आहेत. पाण्याखाली हवा पोचत नाही, त्यामुळे ती पुरती कुजत नाहीत, आणि वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर या गतीने त्यांचा काळपट थर चढत जातो. हेच पीट. वसंतात लांब पात्याच्या फावड्याने त्याच्या विटा कापायच्या, उन्हाळाभर वाऱ्यावर वाळवायच्या आणि पुढे वर्षभर जाळायच्या. बेटावरच्या चुली पिढ्यान् पिढ्या पेटल्या त्या यावरच.

व्हिस्कीसाठी आधी जवाला मोड आणावे लागतात. मोड येताना दाण्यातली विकरं जागी होतात आणि पुढे तीच स्टार्चची साखर करतात. पण कोंब वाढू दिला तर तोच सगळं खाऊन टाकतो. म्हणून दाणा वेळेवर वाळवायला हवा, आणि अशा पावसाळी मुलखात उन्हावर विसंबून चालत नाही. मग खाली पीट धुमसत ठेवायचं आणि वर जाळीच्या फरशीवर मोडाचे जव, म्हणजे माल्ट, पसरायचे. टरफल ओलं असेपर्यंतच धूर त्याला धरतो, कोरडं झालं की नाही. चवीसाठी म्हणून हा धूर कोणी शोधून काढला नाही. घरात होतं ते जळण वापरलं आणि त्याचा वास दारूत उतरला.

एकेकाळी मुख्य भूमीवरच्या डोंगराळ भागातही असंच चालायचं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पे नदीच्या खोऱ्यात रेल्वे पोचली, कोक आला, आणि कोकला धूर जवळजवळ नाही. ब्लेंडेड, म्हणजे मिसळीच्या, व्हिस्कीच्या गिऱ्हाइकाला सौम्य चवच हवी होती. तिकडचा धूर विरत गेला. आयलाने पीट सोडलं नाही, पण बेटावरचा बहुतेक माल ब्लेंडमध्ये थोडा थोडा मिसळण्यासाठी बाहेर जायचा. ब्लेंडची मागणी घटली तेव्हा त्याचा फटका बेटाला बसला: १९८१ मध्ये आर्डबेग ही तिथली भट्टी बंद पडली, १९८३ मध्ये पोर्ट एलन. मग १९८८ मध्ये निवडक सहा सिंगल माल्टांच्या, म्हणजे एकेका भट्टीच्या बिनमिसळीच्या व्हिस्कींच्या, मालिकेत आयलाची सोळा वर्षांची लागावुलिन बाजारात आली आणि लोक धुरासाठीच बाटली मागू लागले. १९९७ मध्ये आर्डबेगलाही नवा मालक मिळाला. ही चव थोडक्यात वाचली, असंच मला वाटतं.

आम्ही मित्र बसतो तेव्हा लागावुलिन आणि आयलाचीच कल ईला शेजारी शेजारी ओततो. दोघींचा माल्ट पोर्ट एलन गावातल्या एकाच माल्टघरातला, धुराचं प्रमाणही सारखंच. तरी पहिली जड आणि गोडसर लागते, दुसरी हलकी, जिभेवर खारट. फरक पडतो तो भट्टीच्या भांड्यामुळे, ते किती भरलं यामुळे आणि धार कुठे तोडली यामुळे. आपल्याकडे पहिल्या धारेचं कौतुक. पीटचा वास मात्र उशिराच्या धारेत जास्त उतरतो. धार तोडायला थोडा उशीर केला की धूर वाढतो. बाटलीच्या माहितीत धुराचे जे आकडे मिरवतात ते माल्टचे असतात, गाळलेल्या दारूत त्यातलं बरंच कमी उरतं. म्हणून आकडा बघून बाटली निवडू नये.

पहिला घोट घेणारा बहुतेक वेळा म्हणतो, "हा तर दवाखान्याचा वास!" त्याचं नाक अगदी बरोबर सांगत असतं. १८६५ मध्ये ग्लासगोत जोसेफ लिस्टरने जखमा निर्जंतुक करायला जे कार्बोलिक आम्ल वापरलं ते म्हणजेच फिनॉल, आणि पीटच्या धुरात फिनॉल व त्याची भावंडं भरपूर असतात. अशा मित्राला मी ग्लासात थोडं पाणी घालून देतो. स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकावर दाखवलं की पाणी घातल्यावर ग्वायकॉल हा धुरकट रेणू द्रवाच्या पृष्ठभागाकडे सरकतो. वास मोकळा होतो, दारूचा चटका कमी होतो आणि मागची गोडी कळते.

आता हे पीट गोव्यालाही येतं. तिथल्या पॉल जॉनच्या 'बोल्ड'मध्ये जव भारतीय आहेत आणि धूर आयलाच्या पीटचा. गोव्याच्या उकाड्यात पिंपातली दारू स्कॉटलंडच्या कितीतरी पट वेगाने उडून जाते, त्यामुळे थोड्याच वर्षांत लाकूड दाट उतरतं आणि धूर त्याच्या मागून येतो. गोव्यात जळणाला तोटा नाही. पीट एवढा समुद्र ओलांडून आणतात ते निव्वळ वासासाठी.