जुळी बाळं : वार एक की दोन?

जोडकेळं खाल्लं की जुळी होतात, असं आपल्याकडे अजूनही म्हणतात. त्यात तथ्य नाही, पण जुळ्यांचं कुतूहल किती जुनं आहे ते मात्र त्यातून कळतं. डॉक्टरांनाही शतकानुशतके एकच प्रश्न पडायचा : पोटात बाळ एक आहे की दोन? पोट फार मोठं दिसलं की शंका यायची. खात्री मात्र अनेकदा पहिलं बाळ जन्मल्यावरच व्हायची.

१८१६ मध्ये पॅरिसच्या लेनेक यांनी स्टेथोस्कोप शोधला. पाच वर्षांनी केर्गारादेक या फ्रेंच डॉक्टरांनी तो गर्भवतीच्या पोटाला लावला. त्यांना गर्भजलाचा आवाज ऐकायचा होता. ऐकू आली घड्याळासारखी टिकटिक. ते बाळाच्या हृदयाचे ठोके होते. याच पद्धतीने जुळं ओळखता येईल, हेही त्यांनी सुचवलं.

पुढची मोठी झेप १९५८ ची. ग्लासगोचे इयान डोनाल्ड आणि त्यांचे सहकारी यांनी धातूतल्या भेगा शोधणाऱ्या तंत्रावरून सोनोग्राफी विकसित केली. हळूहळू जुळं आहे हे पहिल्या तीन महिन्यांतच दिसू लागलं.

पण तोवर प्रश्नच बदलला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीच्या फ्रीडरिश शाट्झ यांनी जुळ्यांच्या वारा तपासल्या. दोघांत एकच वार असेल तर दोघांच्या रक्तवाहिन्या आतून जोडलेल्या असतात, हे त्यांनी दाखवलं. अशा सुमारे दहा ते पंधरा टक्के गरोदरपणांत एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जातं. एक सुकतं, दुसऱ्याच्या हृदयावर ताण येतो. उपचार न झाल्यास बहुधा दोन्ही बाळं दगावतात.

शाट्झ यांनी कारण सांगितलं, पण इलाज यायला शंभर वर्षं लागली. १९९० मध्ये अमेरिकेच्या डॉ. दे लिया यांनी गर्भाशयात दुर्बीण घालून त्या जोडवाहिन्या लेझरने बंद केल्याचं प्रसिद्ध केलं. २००४ च्या युरोपीय अभ्यासात निदान एक बाळ वाचण्याचं प्रमाण लेझरने ७६ टक्के होतं, तर केवळ जादा पाणी काढण्याच्या जुन्या उपायाने ५६ टक्के.

हा इलाज वेळेवर मिळायचा तर वार एक की दोन हे आधी माहीत हवं. ते सर्वांत स्पष्ट दिसतं ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत. नंतर सांगणं अवघड होत जातं. म्हणून रिपोर्टमध्ये ‘जुळं’ एवढ्यावर समाधान मानू नका. वारेबद्दल काय लिहिलंय, ते डॉक्टरांना जरूर विचारा.

दोन वारा असतील तर साधारण दर चार आठवड्यांनी सोनोग्राफी पुरते. वार एकच असेल तर सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी करावी लागते. ती चुकवू नका. मधल्या काळात पोट अचानक वाढलं, ताणलं गेलं किंवा दम लागू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा.