आरसी रेसिंग कारचा ईएससी कसा सेट करायचा? नाशिकच्या उन्हात मोटर न जाळता वेग मिळवण्याचा योग्य क्रम

आरसी कारमध्ये नवी मोटर बसवली, पूर्ण चार्ज केलेली बॅटरी जोडली, दोन फेऱ्या भन्नाट गेल्या आणि तिसऱ्या फेरीत गाडी मैदानाच्या मधोमध बंद पडली. हात लावला तर मोटर चटका देते, ईएससीचा पंखा घरघरतो आणि जळक्या वार्निशचा वास येतो. अशा वेळी पहिला शब्द निघतो, 'माल खराब निघाला!'

पण बऱ्याचदा माल चांगला असतो, सेटिंग चुकलेलं असतं. ईएससीमध्ये दहा-पंधरा सेटिंग असतात आणि नवा माणूस सगळ्यात आधी वेग वाढवणारं सेटिंग शोधतो. खरं तर ते सर्वात शेवटी हात लावायचं सेटिंग आहे. योग्य क्रम कोणता आणि का, ते समजून घेऊया.

ईएससी नेमकं काय करतो?

ईएससी म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर. बॅटरी आणि मोटर यांच्या मध्ये बसलेला हा छोटा डबा. रिमोटचा ट्रिगर तुम्ही किती दाबलात हे रिसीव्हरकडून त्याला कळतं आणि त्या प्रमाणात तो मोटरला वीज देतो.

साध्या ब्रश मोटरला दोन तारा असतात. ब्रशलेस मोटरला तीन असतात. बॅटरीची वीज एकाच दिशेने वाहते. ईएससी ती मॉसफेट नावाच्या इलेक्ट्रॉनिक स्विचमधून या तीन तारांमध्ये पाळीपाळीने सोडतो. त्यामुळे मोटरमध्ये फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि रोटर त्याच्या मागे धावतो. सेन्सर असलेल्या मोटरमध्ये तीन हॉल सेन्सर रोटरची जागा सांगतात, म्हणून गाडी अगदी हळू वेगातही धक्का न देता निघते.

नाशिककरांना हे तत्त्व परकं नाही. नाशिक रोडला मध्य रेल्वेची ट्रॅक्शन मशीन वर्कशॉप आहे, जिथे विजेवरच्या रेल्वे इंजिनांच्या मोटरी दुरुस्त होतात. आजच्या नव्या विद्युत इंजिनातही वरच्या तारेतून घेतलेली वीज इलेक्ट्रॉनिक स्विचमधून तीन फेजमध्ये बदलून मोटरला दिली जाते. आकार आणि ताकद यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण मूळ काम तेच.

नाशिकच्या हवेचा इथे काय संबंध?

संबंध उष्णतेचा आहे. निफाडकडे जानेवारीत पहाटेचा पारा 10 अंशांच्या खाली जातो, तर एप्रिल-मे महिन्यात नाशिक शहरात दुपारी तो 40 च्या घरात असतो. समजा, एका शर्यतीत तुमची मोटर हवेपेक्षा 40 अंशांनी जास्त तापते. हिवाळ्यात 25 अंशांच्या दुपारी ती 65 अंशांवर थांबेल. तीच गाडी, तेच गिअर, तेच सेटिंग मे महिन्यात 80 अंशांवर नेईल.

80 अंश हा आकडा महत्त्वाचा आहे. मोटरमधलं चुंबक निओडिमियमचं असतं आणि त्याच्या साध्या प्रकारांची चुंबकशक्ती साधारण या तापमानानंतर कायमची कमी होऊ लागते. जास्त उष्णता सोसणारे प्रकारही असतात, पण आपल्या मोटरमध्ये कोणता आहे हे बाहेरून कळत नाही. चुंबक कमजोर झालं की तेवढीच ओढ देण्यासाठी मोटर जास्त करंट घेते, त्यामुळे आणखी तापते. मॉसफेटचंही तसंच आहे. तो तापला की त्याचा विरोध वाढतो आणि विरोध वाढला की तो आणखी तापतो. म्हणूनच बिघाड हळूहळू कळत नाही, एकदम होतो.

सुरुवात करण्याआधी

- गाडी स्टँडवर ठेवा, चाकं जमिनीला टेकता कामा नयेत. जमल्यास पिनियन सैल करून मोटर गिअरपासून वेगळी करा.
- आधी रिमोट चालू करा, मग गाडी. बंद करताना उलट, आधी गाडी आणि मग रिमोट.
- बॅटरीची लाल आणि काळी तार दोनदा तपासा. बहुतेक रेसिंग ईएससींना उलट्या जोडणीपासून संरक्षण नसतं. तार उलटी लागली तर एका ठिणगीत काम तमाम.
- सेन्सर मोटरमध्ये ए, बी, सी या तारा त्याच अक्षराच्या टर्मिनलला जोडा. गाडी उलटी पळाली तर तारा अदलाबदल करू नका. सेटिंगमधून फिरण्याची दिशा बदला. सेन्सर नसलेल्या मोटरमध्ये मात्र कोणत्याही दोन तारा बदलल्या की दिशा बदलते.

पायरी 1: बॅटरीचा प्रकार आणि कटऑफ

सगळ्यात आधी हेच. लायपो बॅटरीचा एक सेल पूर्ण चार्ज असताना 4.2 व्होल्ट देतो, त्याचं सरासरी व्होल्टेज 3.7 मानतात आणि तो 3 व्होल्टच्या खाली गेला की बॅटरीचं कायमचं नुकसान होतं. म्हणून ईएससीमध्ये कटऑफ असतो. ठरलेल्या व्होल्टेजला तो गाडीची ताकद कमी करतो किंवा थांबवतो. लायपोसाठी सेलमागे 3.2 ते 3.4 व्होल्ट ठेवणं सुरक्षित. दोन सेलच्या बॅटरीसाठी ते एकूण 6.4 ते 6.8 व्होल्ट झालं.

निकेल मेटल हायड्राइड बॅटरीचा कटऑफ बराच खाली असतो. ईएससी त्या मोडवर राहिला आणि तुम्ही लायपो लावली, तर गाडी मजेत पळत राहील आणि बॅटरी आतून मरेल. पुढे ती फुगते. फुगलेली लायपो चार्ज करणं म्हणजे घरात आगीला आमंत्रण. हॉबीविंग क्विकरन 1060 सारख्या स्वस्त ईएससीमध्ये हे सेटिंग एका छोट्या जंपरवर असतं. तो कुठे बसलाय हे पहिल्याच दिवशी बघा.

पायरी 2: थ्रॉटल कॅलिब्रेशन

रिसीव्हर ईएससीला सेकंदाला साधारण 50 वेळा विजेचा ठोका पाठवतो. ठोका 1500 मायक्रोसेकंदांचा असेल तर गाडी स्थिर, 2000 च्या आसपास पूर्ण वेग आणि 1000 च्या आसपास पूर्ण ब्रेक. पण प्रत्येक रिमोटचे आकडे थोडे वेगळे असतात. तुमचा रिमोट 1900 वरच थांबत असेल तर ईएससीला वाटतं, चालकाने ट्रिगर पूर्ण दाबलेलाच नाही. मग तो वीज सतत चालू-बंद करत राहतो आणि त्या प्रत्येक चालू-बंदमध्ये थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते. वेगही कमी आणि ताप जास्त!

कॅलिब्रेशन म्हणजे ईएससीला तुमच्या रिमोटची ओळख करून देणं. बहुतेक ईएससींची पद्धत अशी:

1. रिमोटचं ट्रिम शून्यावर आणि थ्रॉटलचे एंड पॉइंट 100 टक्क्यांवर ठेवा. एबीएससारख्या सोयी बंद करा.
2. ईएससीचं सेट बटण दाबून धरा आणि गाडी चालू करा. दिवा लुकलुकला की बटण सोडा.
3. ट्रिगर मोकळा ठेवून बटण दाबा. मग ट्रिगर पूर्ण ओढून दाबा. शेवटी पूर्ण ब्रेकला ढकलून दाबा.

दर वेळी बीप ऐकू येईल. फुताबाच्या रिमोटवर बऱ्याचदा थ्रॉटल चॅनल रिव्हर्स करावा लागतो, नाहीतर पुढे-मागे उलटं होतं. रिमोट किंवा रिसीव्हर बदलला की कॅलिब्रेशन पुन्हा करा. त्याच वेळी रिसीव्हरचं फेलसेफही न्यूट्रलवर किंवा ब्रेकवर लावा. सिग्नल तुटल्यावर दीड किलोची गाडी ताशी 50 किलोमीटर वेगाने प्रेक्षकांत घुसू नये, यासाठी ते असतं.

पायरी 3: ब्रेक आणि ड्रॅग ब्रेक

वेग वाढवण्याआधी थांबणं जमायला हवं. ब्रेक लावताना मोटर जनरेटरसारखी वागते आणि तिचाच विरोध चाकं रोखतो. कसारा घाट उतरताना विजेची रेल्वे इंजिनं मोटरींचाच ब्रेक वापरतात, तसंच हे.

ड्रॅग ब्रेक म्हणजे ट्रिगर सोडताच आपोआप लागणारा हलका ब्रेक. मातीवरच्या बगीला तो शून्य ते 10 टक्के ठेवून सुरुवात करा. डांबर किंवा कार्पेटवर थोडा जास्त चालतो. वळणात ट्रिगर सोडताच मागचा भाग घसरत असेल तर ड्रॅग ब्रेक कमी करा. शर्यतीसाठी रिव्हर्स बंद करून फक्त पुढे आणि ब्रेक हा मोड निवडा.

पायरी 4: पंच

पंच म्हणजे ट्रिगर दाबल्यावर ताकद किती झटक्यात मिळते ते. नव्या चालकाला वाटतं, जास्तीत जास्त पंच म्हणजे जास्तीत जास्त वेग. पण आपल्याकडच्या सुक्या, धुळीच्या मैदानात जास्त पंचने चाकं जागच्या जागी फिरतात. बॅटरीतून करंट मात्र पूर्ण जातो. मधल्या पातळीवरून सुरुवात करा आणि चाकं घसरायची थांबेपर्यंत एकेक पातळी कमी करा.

पायरी 5: गिअर

हे ईएससीच्या मेनूमध्ये नाही, पण ईएससीचं आयुष्य यावरच ठरतं. स्पर गिअर 70 दातांचा आणि पिनियन 20 दातांचा असेल तर गुणोत्तर 3.5. पिनियन 22 चा केला तर 3.18. कागदावर वेग 10 टक्के वाढला. पण चाकांना तीच ओढ देण्यासाठी मोटरला करंटही 10 टक्के जास्त लागतो आणि तारांतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. म्हणजे 10 टक्के वेगासाठी सुमारे 21 टक्के जास्त उष्णता. म्हणून एका वेळी एकच दात बदला. हिवाळ्यात जमलेला पिनियन उन्हाळ्यात एक-दोन दातांनी लहान करणं हे अनुभवी चालकांचं नेहमीचं काम असतं.

पायरी 6: टायमिंग, बूस्ट आणि टर्बो

आता कुठे वेगाच्या सेटिंगची पाळी आली. टायमिंग वाढवणं म्हणजे रोटर पोहोचण्याच्या थोडं आधीच पुढच्या तारेत वीज सोडणं. त्याने फेरे वाढतात आणि करंटही वाढतो. काही टायमिंग मोटरच्या मागच्या झाकणावर फिरवून लावता येतं. बूस्ट आणि टर्बो ईएससीमधून मिळतात. बूस्ट फेऱ्यांनुसार वाढत जातो, टर्बो पूर्ण ट्रिगरवर लागतो. तिन्ही एकत्र वाढवले की त्यांची बेरीज होते. टायमिंग वाढवलं तर पिनियन लहान करावा लागतो, हे विसरू नका.

स्टॉक गटाच्या शर्यतीत, उदाहरणार्थ 17.5 टर्नच्या मोटरसाठी, ईएससीचं टायमिंग शून्य ठेवावं लागतं. त्याला ब्लिंकी मोड म्हणतात, कारण त्या वेळी ईएससीचा दिवा लुकलुकतो आणि परीक्षकाला लांबूनच खात्री पटते. नवशिक्याने सरावही याच मोडमध्ये केलेला उत्तम.

तापमान कसं मोजायचं?

कोविडच्या काळात घरोघरी आलेला कपाळाचा थर्मामीटर इथे चालत नाही. तो शरीराच्या तापमानापुरताच असतो. वस्तूंसाठीचा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. नवं सेटिंग केल्यावर दोन मिनिटं गाडी चालवा, थांबवा आणि मोटरच्या मागच्या झाकणाजवळ मोजा. मग चार मिनिटांनी पुन्हा. दोन मिनिटांतच 65 ओलांडलं तर पूर्ण पाच मिनिटांची शर्यत झेपणार नाही. शर्यत संपल्यावर मोटर 70-75 च्या आत असावी. ईएससीचं स्वतःचं उष्णता संरक्षण साधारण 100 अंशांच्या आसपास लागतं. ते शेवटचा उपाय आहे, त्याच्या भरवशावर चालवू नका.

लक्षणावरून दोष ओळखा

- ट्रिगर न दाबता गाडी सरकते: ट्रिम हललंय किंवा कॅलिब्रेशन चुकलंय.
- जोरात दाबलं की गाडी थरथरते, पुढे जात नाही: सेन्सरची तार सैल आहे किंवा मोटरची एक तार सुटली आहे.
- वेग घेताना स्टिअरिंग क्षणभर मरतं: बॅटरी कमजोर आहे किंवा कनेक्टर खराब आहे, व्होल्टेज खाली पडतंय.
- मोटर थंड, ईएससी गरम: पंखा धुळीने अडलाय किंवा डाग नीट लागलेला नाही.
- मोटर गरम, ईएससी थंड: पिनियन मोठा आहे किंवा टायमिंग जास्त आहे.

थोडक्यात

आधी बॅटरी वाचवा, मग रिमोटची ओळख करून द्या, मग थांबायला शिका, मग पकड साधा, मग गिअर जुळवा आणि शेवटी वेग मागा. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदल वहीत तारीख, हवेचं तापमान आणि मोटरचं तापमान यांसह लिहून ठेवा. पुढच्या एप्रिलमध्ये ही वही कोणत्याही प्रोग्राम कार्डपेक्षा जास्त उपयोगी पडेल. आणि गाडी थांबल्यावर मोटर पूर्ण थंड होईपर्यंत दुसरी बॅटरी लावू नका. बहुतेक मोटरी पहिल्या बॅटरीवर नाही, घाईने लावलेल्या दुसऱ्या बॅटरीवर जळतात.