धावत्या आज्ञावलीतील वर्गनिर्मिती

पुसद येथील बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ साली स्थापन झाले. त्याच वर्षी ‘सी विथ क्लासेस’ या भाषेस ‘सी प्लस प्लस’ हे नाव मिळाले, आणि ॲडेल गोल्डबर्ग व डेव्हिड रॉब्सन यांचा स्मॉलटॉक-८० वरील ग्रंथही प्रसिद्ध झाला. या तिहींत योगायोगापलीकडे नाते नाही. तथापि पुढे भारतीय अभ्यासक्रमांत सी प्लस प्लस व जावा यांचीच परंपरा रुजली, आणि ‘क्लास’ म्हणजे आज्ञावली चालू होण्यापूर्वीच कायम झालेला साचा, ही समजूतही तिच्यासवे दृढ झाली. इतिहास या समजुतीस पुरता दुजोरा देत नाही.

दोन्ही परंपरांचे मूळ एकच: ऑस्लो येथे ओले-योहान दाल व क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी रचलेली सिम्युला ६७. तीत ऑब्जेक्ट, म्हणजे वस्तू, आज्ञावली चालू असता निर्माण होत; त्यांचे वर्ग मात्र कंपायलरच्या वेळीच ठरलेले असत. सी प्लस प्लसने हीच व्यवस्था स्वीकारली, ती वेगाच्या रास्त चिंतेने. उलट झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात ॲलन के, डॅन इंगॉल्स प्रभृतींनी सर्व काही वस्तूच मानले; मग वर्ग तरी अपवाद का असावा? स्मॉलटॉक-७६ मध्ये वर्ग स्वतःच वस्तू झाला. नवा वर्ग हवा असता जुन्या वर्गास संदेश पाठवावयाचा. चालू यंत्रणा न थांबता उपवर्ग सिद्ध होतो.

परंतु वर्ग ही वस्तू, तर तिचा वर्ग कोणता? आणि त्याचा? नैयायिकांना हा पेच परिचित आहे. उदयनाचार्यांनी जातिबाधकांत ‘अनवस्था’ गणली. सामान्याचे सामान्य मानले जात नाही ते याचमुळे. स्मॉलटॉक-८० ने नेमके उलट केले. प्रत्येक वर्गास त्याचा मेटाक्लास दिला, सर्व मेटाक्लासांचा वर्ग ‘मेटाक्लास’ हाच ठरविला, आणि त्याचाही मेटाक्लास त्याचेच एक उदाहरण मानून शृंखलेचे वर्तुळ केले. तर्कशास्त्र्यास हे रुचणार नाही. यंत्र मात्र चालते.

पायथनमध्ये ‘टाइप’ हा स्वतःचाच वर्ग आहे. त्यास नाव, पूर्वज व गुणधर्म दिले की नवा वर्ग मिळतो. २००१ च्या २.२ आवृत्तीत अंगभूत प्रकार व वर्ग यांतील भेदही बव्हंशी मिटला. जावानेही २००० साली १.३ आवृत्तीत ‘प्रॉक्सी’द्वारा मर्यादित वाट मोकळी केली. सारणीतील रकाने ती उघडल्यावरच कळत असतील, तेथे तदनुरूप वर्ग तत्क्षणी घडविता येतो. मात्र रकान्याच्या नावातील एका अक्षराची चूक कंपायलरला दिसत नाही. ती उघडकीस येते आज्ञावली त्या ओळीवर पोचल्यावरच.