सर्पगंधेची कसोटी

श्रोतेहो, नागाशी झुंजण्यापूर्वी मुंगूस एका झुडपाचे मूळ चघळते, अशी समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. ते झुडूप म्हणजे सर्पगंधा. मुंगसाच्या कथेस आधार नाही; परंतु त्या मुळाचा दुसरा एक गुण लोकांनी अचूक हेरला होता. बिहारात त्यास ‘पागल की दवा’ म्हणत. उन्माद आणि निद्रानाश यांवर त्याचे चूर्ण देत.

१७०३ साली प्ल्युमिये या फ्रेंच शास्त्रज्ञाने या प्रजातीस राउवुल्फ नामक जर्मन वैद्याचे नाव दिले. गंमत अशी की, हा गृहस्थ बगदादपर्यंत हिंडला, पण हिंदुस्थानात कधी आलाच नाही. नाव त्याचे झाले. ज्यांनी गुण ओळखला, ते अनामिकच राहिले.

१९३१ साली दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी या मुळातील द्रव्ये वेगळी केली. त्यांतील एकास हकीम अजमलखान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ हे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी हे मूळ रक्तदाब उतरविते, असे प्रसिद्ध केले. जगाने तिकडे फारसे लक्ष दिले नाही.

पुढे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर औषध देऊन नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली त्या ब्रिटिश हृदयरोग-पत्रिकेत छापल्या. मग मात्र जग जागे झाले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये ‘रेसर्पीन’ हे द्रव्य हाती आले. रक्तदाब आणि मनोविकार, दोहोंवर त्याचा उपयोग होऊ लागला.

परंतु नोंदवहीने दुसरी बाजूही दाखविली. काही रुग्णांच्या मनाला घोर खिन्नता ग्रासू लागली. म्हणून आज हे औषध क्वचितच दिले जाते, आणि तेही वैद्यकीय देखरेखीखाली. शिवाय औषध मुळात असल्याने प्रत्येक वेळी रोपच उपटले जाते. रानातील सर्पगंधा त्यामुळे विरळ झाली. तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९० पासून निर्बंध आले.

श्रोतेहो, पूर्वजांचे ज्ञान हसण्यावारी नेऊ नये, तसेच ते डोळे मिटून गिळूही नये. सर्पगंधेचा गुण लोकांनी ओळखला, पण तिचे माप कळले ते धीराने ठेवलेल्या हिशेबामुळे. गुण आणि दोष दोन्ही लिहून ठेवणे, हाच पूर्वजांचा खरा आदर होय.