अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदला; पाठीची जखम टाळा

पक्षाघात, खुब्याचं हाड मोडणं, मणक्याला मार किंवा म्हातारपण, यामुळे माणूस अंथरुणाला खिळला की घरचे औषध-गोळ्या वेळेवर देतात. पण पाठीखाली काय चाललंय, हे अनेकदा वास यायला लागल्यावरच कळतं. तोवर माकडहाडावर जखम झालेली असते. यालाच बेडसोर किंवा शय्याव्रण म्हणतात.

जखम का होते?

हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी सतत दाबली जाते. तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि मांस मरू लागतं. निरोगी माणूस झोपेतही नकळत कूस बदलतो. रुग्णाला ते जमत नाही. बऱ्याचदा नुकसान आत हाडाजवळ सुरू होतं, त्यामुळे वरून डाग छोटा आणि आत खड्डा मोठा असतो. माकडहाड, खुबा, टाचा, घोटे, कोपर आणि डोक्याची मागची बाजू या जागा रोज तपासाव्यात.

कूस कशी बदलावी?

• साधारण दर दोन तासांनी पाठ, उजवी कूस, डावी कूस असा क्रम ठेवावा.
• रुग्णाला कुशीवर पूर्ण आडवं करू नये, सगळा भार खुब्यावर येतो. पाठीमागे उशी लावून साधारण 30 अंश तिरपं ठेवावं.
• दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी द्यावी. पोटरीखाली उशी ठेवून टाचा अधांतरी राहू द्याव्यात.
• रुग्णाला ओढू नये, कातडी सोलवटते. अंगाखाली आडवी चादर घालून दोघांनी ती दोन्ही बाजूंनी धरावी आणि उचलून सरकवावं.

लाल डाग दिसला तर?

डागावर बोट दाबावं. जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली, तर रक्त फिरतंय. लालीच हटली नाही, तर जखमेची सुरुवात झाली समजावं. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही. तिथं कातडी गरम, कडक किंवा काळपट लागते का ते पाहावं. अशा जागेवर भार देऊ नये आणि तेल लावून चोळूही नये. मधे भोक असलेली गोल उशीही टाळावी, तिच्या कडेनं रक्त अडतं.

एअर बेड आणला म्हणजे काम संपलं, असं नाही. कूस बदलावीच लागते. शिवाय त्याचा पंप विजेवर चालतो. लाइट गेली की गादी बसते.

लघवी-संडास झाल्यावर अंग लगेच पुसून कोरडं करावं. डाळ, अंडी, दूध असा आहार द्यावा. किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

पेरणी-काढणीच्या दिवसांत सगळे शेतावर आणि घरात एकटी म्हातारी, असं होतं. एकटीनं रुग्ण उचलला जात नाही. म्हणून पाळ्या आधीच ठरवाव्यात, वेळा कागदावर लिहून भिंतीला लावाव्यात आणि कूस बदलली की खूण करावी. रात्रीच्या पाळीत किती अंतर चालेल, हे डॉक्टरांना विचारून घ्यावं.

कातडी फुटली, काळी पडली, पू किंवा वास आला, ताप चढला तर घरगुती लेप लावत बसू नये. आशाताईंना कळवावं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच दिवशी दाखवावं.