लोकांनी निवडलेला पूल, लोकांनी हलवलेला पूल

एखाद्या नदीवर पूल बांधायचा असेल तर तो कसा असावा, हे कोणी ठरवायचे? वर्गात हा प्रश्न विचारला तर बहुतेक मुले 'इंजिनिअरने' असे उत्तर देतील. पुलाची ताकद, पाया, पोलादाची जाडी या गोष्टी मते घेऊन ठरत नाहीत, हे खरेच आहे. पण पायी आणि सायकलवरून जाणाऱ्यांच्या पुलाबाबत हे उत्तर अपुरे पडते. रेल्वेपुलावरून जाणारा प्रवासी डब्यात बसलेला असतो, पुलाशी त्याचा थेट संबंध येत नाही. पादचारी पुलावर मात्र माणूस हाच प्रवासी आणि माणूस हाच भार. चढ किती, वळसा किती, थांबायला जागा आहे का, हे त्याचे त्यालाच कळते. त्याची पावले पुलावर काय परिणाम करतात, हेही तो चालू लागल्यावरच समजते.

इंग्लंडमध्ये १९९६ साली दोन पादचारी पुलांसाठी आराखड्यांच्या खुल्या स्पर्धा झाल्या. एक पूल उत्तरेकडच्या टाइन नदीवर, न्यूकॅसल आणि गेट्सहेड या समोरासमोरच्या शहरांना जोडणारा. दुसरा लंडनमध्ये थेम्स नदीवर. दोन्ही नव्या सहस्रकाच्या स्वागतासाठी बांधले गेले आणि दोघांच्याही नावात 'मिलेनियम' आहे. मात्र लोकांनी आपले म्हणणे या दोन पुलांबाबत फार वेगवेगळ्या प्रकारे मांडले. त्याचीच ही हकिगत.

टाइन नदीचा जुना पेच

टाइन ही कोळशाची आणि जहाजबांधणीची नदी. तिच्यावर पूल बांधणाऱ्याला नेहमी एकच पेच पडे: पूल खाली ठेवावा तर जहाजे अडतात, उंच बांधावा तर माणसांना चढावे लागते. रॉबर्ट स्टीफन्सनने १८४९ साली उंच दुमजली पूल बांधला, वर रेल्वे आणि खाली रस्ता. १८७६ साली विल्यम आर्मस्ट्राँगने दुसरी युक्ती काढली. त्याचा पूल पाण्यालगत होता, पण द्रवदाबाच्या यंत्राने मधल्या खांबावर आडवा फिरत असे आणि जहाजांना वाट देत असे. १९२८ साली मोठ्या पोलादी कमानीचा उंच पूल आला.

विसाव्या शतकाच्या अखेरीस गेट्सहेडच्या काठावरचे जुने उद्योग बंद पडले होते. तिथली एक जुनी पिठाची गिरणी कलाकेंद्रात बदलण्याचे घाटत होते. ते केंद्र २००२ साली सुरू झाले. काठ पुन्हा जिवंत करायचा, तर पलीकडच्या न्यूकॅसलमधून लोकांना चालत आणि सायकलने येता आले पाहिजे, असा विचार गेट्सहेडच्या नगरपरिषदेने केला.

मग अटी ठरल्या. मोठी जहाजे जाऊ शकतील अशी सुमारे २५ मीटर उंचीची मोकळी जागा हवी. नदीकाठच्या फरसबंद धक्क्यावर बांधकाम करून तो अडवायचा नाही. या अटींतली अडचण समजायला साधे गणित पुरे. पूल कायमचा २५ मीटर उंचीवर बांधला आणि सायकलसाठी २० मीटरला १ मीटर असा चढ दिला, तर प्रत्येक काठावर ५०० मीटर लांबीचा उतार बांधावा लागेल. म्हणजे तो धक्का सगळा उताराखालीच जाईल. जिने केले तर सायकलवाला आणि चाकाच्या खुर्चीतला माणूस दोघेही खालीच राहतील.

स्पर्धेत दीडशेहून अधिक आराखडे आले. त्यांतून निवडक बाजूला काढले गेले आणि गेट्सहेडच्या रहिवाशांनी त्यांतला आपल्या पसंतीचा आराखडा मत देऊन निवडला. तो विल्किन्सन आयर हे वास्तुशिल्पी आणि गिफर्ड हे अभियंते यांचा होता.

बादलीच्या दोन कड्या

या पुलाची कल्पना वर्गात सहज दाखवता येते. एका बादलीला दोन कड्या आहेत असे समजा. दोन्ही त्याच दोन कानांत अडकवलेल्या आणि एकमेकींशी ठरावीक कोनात पक्क्या जोडलेल्या. एक कडी उभी आहे, ती कमान. दुसरी आडवी आहे, ती चालण्याची वाट. दोन्हींमध्ये तारा ताणलेल्या आहेत. आता उभी कडी मागे कलवली की आडवी कडी आपोआप वर उचलली जाते. गेट्सहेडचा पूल असाच दोन काठांवरच्या बिजागऱ्यांवर ४० अंशांतून कलतो. कमान खाली येते, वाट वर जाते आणि दोन्हींच्या खालून जहाज निघून जाते. एकीचे वजन दुसरीला तोलून धरत असल्याने ८५० टनांचा हा सांगाडा उचलायला फार ऊर्जा लागत नाही. दोन्ही बाजूंना द्रवदाबावर चालणारे तीन तीन दट्टे आहेत आणि सुमारे साडेचार मिनिटांत काम होते. आर्मस्ट्राँगचा पूल आडवा फिरत होता, हा उभा कलतो, एवढाच फरक. सव्वाशे वर्षांनंतर त्याच नदीवर द्रवदाबाचेच तत्त्व पुन्हा उपयोगी पडले.

वाट सरळ नसून धनुष्यासारखी वाकलेली आहे. पायी चालणारे थोड्या उंचावरून आणि सायकलवाले थोड्या खालच्या पातळीवरून जातात. मध्ये बसायला बाके आहेत. पूल कलताना वाटेवरचा कचरा घरंगळून टोकाशी केलेल्या खोबणीत जमा होतो, अशीही सोय आहे.

नोव्हेंबर २००० मध्ये एका प्रचंड तरंगत्या क्रेनने सबंध पूल एकसंध उचलून जागेवर ठेवला, तेव्हा दोन्ही काठांवर हजारो लोक जमले होते. १७ सप्टेंबर २००१ रोजी तो खुला झाला. कलताना तो डोळ्याच्या पापणीसारखा दिसतो म्हणून लोकांनी त्याला 'मिचकावणारा डोळा' असे नाव दिले.

इथे लोकांना नेमके काय विचारले गेले, याकडे लक्ष द्यावे. पोलाद किती जाड असावे, हे त्यांना विचारले नाही. आधी अटी ठरल्या, मग जाणकारांनी त्यांत बसणारे पर्याय दिले आणि शेवटी, यांपैकी कोणता पूल तुम्हाला आपला वाटेल, असे विचारले गेले. प्रश्न योग्य जागी आणि योग्य वेळी विचारल्यामुळे उत्तरही कामाचे मिळाले.

थेम्सवरचा झोका

लंडनच्या स्पर्धेत दोनशेहून अधिक आराखडे आले. नॉर्मन फॉस्टर हे वास्तुशिल्पी, अँथनी कॅरो हे शिल्पकार आणि अरुप ही अभियंत्यांची संस्था यांचा आराखडा परीक्षकांनी निवडला. हा पूल फक्त पादचाऱ्यांसाठी. नदीवरून सेंट पॉल चर्चचे दृश्य मोकळे राहावे म्हणून झुलत्या पुलाचे दोर जवळजवळ सपाट ठेवले होते. मधला गाळा १४४ मीटरचा, पण दोरांचा झोळ फक्त सव्वादोन मीटरच्या आसपास. पूल भार पेलायला पुरेसा मजबूत होता, हिशेबही काटेकोर होते.

१० जून २००० रोजी पूल खुला झाला आणि लोक लोटले. एका वेळी दोन हजारांपर्यंत माणसे पुलावर होती. थोड्याच वेळात पूल डावीकडे-उजवीकडे डोलू लागला. काही ठिकाणी हे डोलणे ५ ते ७ सेंटिमीटरपर्यंत गेले. लोक कठडे धरून चालू लागले. दोनच दिवसांत, १२ जूनला, पूल बंद करावा लागला.

आपल्या पाठ्यपुस्तकांत अनुनादाचे उदाहरण म्हणून पुलावरून कवायत करत जाणाऱ्या सैनिकांचा उल्लेख असतो. त्यामागे खरी घटना आहे. १२ एप्रिल १८३१ रोजी मँचेस्टरजवळच्या ब्रॉटन येथील झुलता पूल ७४ सैनिकांच्या तालबद्ध पावलांखाली कोसळला. सुदैवाने कोणी दगावले नाही. तेव्हापासून पुलावर पाऊल मोडून चालण्याचा हुकूम ब्रिटिश सैन्यात निघाला. पण लंडनच्या पुलावर सैनिक नव्हते, ज्याच्या त्याच्या चालीने चालणारे नागरिक होते. मग पूल का हलला?

चालताना आपण सेकंदाला साधारण दोन पावले टाकतो आणि प्रत्येक पावलाला जमीन खाली दाबतो. अभियंत्यांनी हे धरले होते. पण आपण प्रत्येक पावलाला किंचित बाजूलाही ढकलतो, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे. डाव्या-उजव्या जोडीचे एक आवर्तन धरले तर ही वारंवारता सेकंदाला एक भरते. पुलाची आडव्या दिशेने डोलण्याची स्वतःची वारंवारता याच पट्ट्यात होती. एका माणसाचा हा धक्का अगदी क्षुल्लक असतो. पण पाय ठेवलेली जमीन थोडी सरकली की तोल सावरण्यासाठी माणूस नकळत पाय फाकवून टाकतो आणि त्याचा धक्का नेमका पुलाच्या हालचालीला साथ देतो. झोपाळ्याला योग्य क्षणी हात लावावा, तसे हे होते.

पावलांची साक्ष

अभियंत्यांनी आता लोकांनाच मदतीला घेतले. प्रयोगशाळेत हलत्या फळीवर माणसांना चालवून पाहिले. नंतर प्रत्यक्ष पुलावर माणसे चालवली आणि त्यांची संख्या हळूहळू वाढवत नेली. निष्कर्ष असा निघाला की माणसाचा आडवा धक्का पुलाच्या आडव्या वेगाच्या प्रमाणात वाढतो. पूल सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाने सरकत असेल तर एका माणसाचा सरासरी धक्का ३० न्यूटन, म्हणजे सुमारे ३ किलो वजनाइतका. म्हणून माणसे एका ठरावीक संख्येच्या खाली असेपर्यंत पूल शांत असतो आणि ती ओलांडताच एकाएकी डोलू लागतो. एका चाचणीत १५६ माणसांपर्यंत विशेष काही घडले नाही. आणखी दहा जण येताच डोलणे झपाट्याने वाढले.

पुलाखाली ३७ द्रव-अवमंदक बसवण्यात आले. मोटारीच्या शॉक ॲब्सॉर्बरप्रमाणे ते हालचालीतली ऊर्जा शोषून घेतात. त्याखेरीज पन्नासहून अधिक वजनदार अवमंदकही बसवले. खर्च सुमारे ५० लाख पौंड आला. जानेवारी २००२ मध्ये दोन हजार माणसांना पुलावर चालवून खात्री करून घेतली गेली आणि फेब्रुवारीत पूल पुन्हा खुला झाला.

असा प्रकार जगात पहिल्यांदाच घडला होता असेही नाही. जपानमध्ये नौकाशर्यती पाहून परतणाऱ्या गर्दीखाली एक पादचारी पूल आडवा डोलत असल्याचा अभ्यास १९९३ सालीच प्रसिद्ध झाला होता. पण ते ज्ञान रोजच्या कामाच्या नियमावल्यांत आले नव्हते. लंडनच्या अभियंत्यांनी मात्र आपली चूक झाकली नाही. चाचण्यांचे आकडे आणि निष्कर्ष त्यांनी २००१ साली सर्वांसाठी छापून टाकले. त्यानंतर पादचारी पुलांच्या आराखड्यांत आडव्या डोलण्याचा विचार होऊ लागला. सुरुवातीला सगळ्यांची पावले एका तालात जुळल्यामुळे पूल हलतो, असे मानले जाई. पावले जुळली नाहीत तरी केवळ प्रत्येकाच्या तोल सावरण्याने डोलणे सुरू होऊ शकते, असे २०२१ च्या एका अभ्यासाने दाखवले.

वर्गात काय करता येईल?

मुलांना मैदानावर ३० सेकंद सहज चालायला सांगा आणि पावले मोजा. पावलांच्या संख्येला ३० ने भागले की खाली दाबण्याची वारंवारता मिळेल, ६० ने भागले की आडव्या धक्क्याची. पन्नास मुलांचे आकडे फळ्यावर मांडले की लक्षात येईल, सगळ्यांची चाल वेगळी असली तरी ती एका अरुंद पट्ट्यातच असते. पुलाचा आराखडा करणाऱ्याला हाच पट्टा माहीत असावा लागतो.

दुसरा प्रयोग प्रश्न विचारण्याचा. गावातल्या ओढ्यावर पायपूल करायचा आहे असे समजून मुलांनी आधी चित्र काढू नये. आधी यादी करावी: तो कोण वापरणार? डोक्यावर भारा घेतलेली बाई, सायकलवरचा मुलगा, काठी टेकत जाणारे आजोबा, शेळ्या. पावसाळ्यात पाणी कुठवर चढते? यांपैकी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारून उत्तर लिहून आणावे. त्यानंतर अटी ठरवाव्यात आणि मग आराखडे काढून वर्गात मत घ्यावे.

गेट्सहेडच्या लोकांनी पूल होण्याआधी हात वर करून आपले मत दिले. लंडनच्या लोकांनी पूल झाल्यावर पायांनी दिले. पहिले मत नियोजनातच घेतले गेले. दुसरे उशिरा ऐकले गेल्याने पूल दीड वर्षाहून अधिक काळ बंद राहिला आणि मोठा खर्च झाला. बळाचे गणित लोकांना विचारून सुटत नाही, हे खरे. पण त्या गणितात कोणत्या राशी घ्यायच्या, हे लोकांना विचारल्याशिवाय आणि त्यांना चालताना पाहिल्याशिवाय कळत नाही.